वाणसामानाची यादी

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडील अनेक घरांत एक छोटासा विधी पार पडतो. त्याला मुहूर्त लागत नाही, की पंचांग पाहावे लागत नाही. घरातील कर्त्या बाईने फडताळ उघडून एकेक डबा हलवून पाहावयाचा, एखाद्या मुलाने कागद-पेन्सिल घेऊन उंबऱ्याशी बसावयाचे, आणि मग आतून आज्ञा सुटू लागतात : "तूरडाळ दोन किलो लिही. साखर तीन किलो. शेंगदाणे अर्धा किलो. मोहरी... थांब, मोहरी आहे अजून. हळद शंभर ग्रॅम." पाच-दहा मिनिटांत कागद भरतो. त्या कागदाला आपण वाणसामानाची यादी म्हणतो. सामान घरात येऊन पडले, पुड्या डब्यांत रित्या झाल्या, की तो कागद चुरगळून केराच्या टोपलीत जातो.

इतक्या क्षुल्लक वस्तूवर धडा कशाला, असे तुम्हांला वाटेल. परंतु ज्या कागदावर एका कुटुंबाचे तीस दिवसांचे अन्न लिहिलेले असते, तो क्षुल्लक कसा म्हणावा? शिवाय तो लिहिणे वाटते तितके सोपे नाही. विश्वास बसत नसेल, तर पुढच्या महिन्यात घरची यादी कोणालाही न विचारता तुम्ही एकट्याने करून पाहा.

'यादी' हा शब्द फारसी 'याद' या शब्दावरून आपल्या भाषेत आला. याद म्हणजे आठवण. पेशवाईच्या दप्तरांतही 'यादी' या नावाने ओळखले जाणारे कागद आहेत. राज्यकारभार असो वा स्वयंपाकघर असो, डोक्यातील आठवण उचलून कागदावर ठेवली की तिची यादी होते. हे करण्याची गरज माणसाला का पडली असावी? डोक्यातच ती का राहू नये? याचे उत्तर आपल्याकडील एका लोककथेत फार गमतीने दिलेले आहे.

एक भोळा जावई सासुरवाडीस गेला. तेथे त्याला धिरडी खावयास मिळाली. ती त्याला इतकी आवडली, की घरी जाऊन बायकोकडून करून घ्यावयाची असे त्याने ठरविले. नाव विसरू नये म्हणून तो वाटेने "धिरडे, धिरडे, धिरडे" असे घोकीत चालला. वाटेत एक ओहोळ आडवा आला. उडी मारताना त्याच्या तोंडून "हुप्प!" असा शब्द निघाला, आणि पलीकडच्या काठावर पाय टेकल्यापासून तो "हुप्प, हुप्प, हुप्प" असेच घोकू लागला. घरी पोचल्यावर "मला हुप्प करून दे" म्हणून त्याने बायकोच्या मागे किती धोशा लावला असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

या जावयाला आपण हसतो. पण कोपऱ्यावरच्या दुकानातून चार जिनसा आणण्यासाठी निघालेल्या कोणत्याही मुलाची स्थिती याहून फारशी वेगळी नसते. "जिरे, पोहे, काड्यापेटी, खोबरेल" असे म्हणत ते निघते. वाटेत मित्र भेटतो, क्रिकेटचा डाव कितीवर आला हे तो सांगतो, आणि दुकानाच्या पायरीवर पोचेपर्यंत खोबरेल नाहीसे झालेले असते. ओहोळ प्रत्येकाच्या वाटेत असतोच.

असे का होते, याचा शास्त्रज्ञांनीही विचार केला आहे. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या एका जर्मन विद्वानाने स्वतःलाच प्रयोगाचा विषय केले. अर्थ नसलेल्या अक्षरांच्या लांबलचक माळा त्याने पाठ केल्या आणि किती वेळाने त्यांतील किती उरते हे चिकाटीने मोजले. १८८५ साली त्याने आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यापैकी निम्म्याहून अधिक भाग पहिल्या तासाभरातच निसटतो, आणि पुढे मात्र विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्याला आढळले. म्हणजे विसरणे सावकाश, दिवसेंदिवस झिजत होते असे नव्हे. ते प्रारंभीच धाडदिशी होते. पुढे १९५६ साली जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने असे दाखवून दिले, की एका वेळी मनात सुटी सुटी धरून ठेवता येतील अशा गोष्टी साधारणपणे सात, फार तर एकदोन इकडे-तिकडे. नंतरच्या अभ्यासकांनी तर ही संख्या चारच्या आसपास आणून ठेवली आहे. आता घरातील महिन्याची यादी मोजा. तीस-पस्तीस जिनसा सहज भरतील.

यात आणखी एक मौज आहे. कोणी पंधरा जिनसा एकदाच वाचून दाखविल्या आणि लगेच त्या लिहून काढावयास सांगितल्या, तर सर्व जिनसा सारख्या विसरल्या जात नाहीत. आरंभीच्या दोन-तीन बहुधा आठवतात, शेवटच्या दोन-तीन तर कानांत घुमत असतात. गळतात त्या मधल्या. शिक्षकी पेशात असताना हा खेळ मी पुष्कळ वर्गांत घेतला. हुशार मुलगा काय आणि ढिला मुलगा काय, साऱ्यांच्या वह्यांत भगदाड पडे ते मध्यावरच. तेव्हा आई जिनसा सांगत असताना जी वस्तू मध्येच कोठेतरी उच्चारली गेली असेल, तिच्यावर विशेष लक्ष ठेवावे हे बरे. आणि निघताना जिनसांची नावेच नव्हे, तर त्यांची संख्याही पाठ करावी. "एकूण सहा" एवढे ध्यानात असले, की दुकानात पाचच आठवल्यावर निदान एक राहिली आहे हे तरी कळते. काय विसरले ते न कळणे हा एक प्रकार. काही विसरले आहे हेच न कळणे हा त्याहून वाईट.

पूर्वीच्या बायका पदराला गाठ मारीत आणि पुरुष उपरण्याला. आजही एखादी आजी रुमालाच्या टोकाला गाठ मारताना दिसेल. बाजारात गेल्यावर ती गाठ हाताला लागली, की काहीतरी आणावयाचे आहे हे स्मरावे, असा त्यामागचा हेतू. 'मनाशी खूणगाठ बांधणे' या आपल्या वाक्प्रचारात ती गाठ अद्याप जशीच्या तशी शिल्लक आहे. या युक्तीत एकच उणीव आहे. गाठ बोलत नाही. काहीतरी आठवावयाचे आहे एवढेच ती सांगते. काय आठवावयाचे ते ज्याचे त्याने पाहावे. एका गाठीला हिंग आणि दुसऱ्या गाठीला मेणबत्ती असा भेद करता येत नाही. लिहिता येऊ लागल्यावर माणसाने गाठी सोडून दिल्या, यात नवल नाही.

तरीही लिहिता न येणाऱ्या लाखो गृहिणींनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केले आणि त्यांच्या घरी पिठामिठावाचून काही अडले नाही. ते कसे साधले? याचे कारण असे, की त्या काळी आठवणीचा भार एकट्या गृहिणीवर नव्हता. अर्धा भार वाणी उचलीत असे. वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे आणि माल फळीच्या पलीकडे. गिऱ्हाइकाने एकेक नाव घ्यावे, वाण्याने एकेक पुडी बांधावी, आणि शेवटी हिशेब करता करता सहज विचारावे, "वहिनी, चहापत्ती नको का या खेपेला?" प्रत्येक घराचे खाते त्याच्या वहीत आणि प्रत्येक घराची सवय त्याच्या डोक्यात असे. यात त्याचा विक्रीचा लोभ नव्हता असे नाही. पण त्या लोभातूनही गिऱ्हाइकाची सोय होत असे, हे मान्य केले पाहिजे. आजही गावोगावी आणि शहरांच्या गल्लीबोळांतून अशी दुकाने आहेत आणि असा प्रश्न तेथे ऐकू येतो.

त्या काळच्या मुलांना बाजारासाठी वेगळ्याच गोष्टी पाठ कराव्या लागत. धान्य मापाने घेण्याची रीत होती. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. वजनाचा शेर निराळा. प्रमाण मानलेला शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ९३३ ग्रॅमचा. परंतु एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी जुळेलच अशी खात्री नसे. पैशांत पाहावे तर रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे. साडेतीन आणे शेराची वस्तू अडीच शेर घेतली तर किती आणे द्यावे, हे शाळकरी मुलाने दुकानात उभ्या उभ्या सांगावे अशी अपेक्षा असे. म्हणून बे-त्रिकाच्या पुढे पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे संध्याकाळी परवचाबरोबर म्हणून घेत. ज्याला अडीचकी येई तो क्षणात "पावणेनऊ आणे" असे सांगे. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी आली, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने आली, आणि या पाढ्यांची गरज हळूहळू सरली. एक शब्द मात्र जावयास तयार नाही. भाजीवाल्यापाशी उभे राहून आपण अजून पावशेर मिरच्या मागतो. खरी पावशेर २० तोळ्यांची, म्हणजे सुमारे २३३ ग्रॅमची होती. आज त्या नावाने अडीचशे ग्रॅम मिळतात. शब्दाला चिकटून राहिल्याचा एवढा लाभ दुसरीकडे क्वचितच पदरी पडत असेल.

फळीच्या पलीकडचा माल फळीच्या अलीकडे आणण्याची कल्पना अमेरिकेत निघाली. १९१६ साली मेम्फिस या शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या व्यापाऱ्याने 'पिग्ली विग्ली' अशा विचित्र नावाचे एक दुकान थाटले. तेथे गिऱ्हाइकाने एका दाराने आत शिरावे, हाती टोपली घ्यावी, मांडण्यांमधून नागमोडी वाटेने फिरत हवी ती वस्तू स्वतः उचलावी आणि दुसऱ्या टोकाला पैसे देऊन बाहेर पडावे. मागण्याचे कारण नाही, थांबण्याचे कारण नाही. पुढे १९३७ साली ओक्लाहोमा सिटी येथील सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराच्या असे ध्यानात आले, की टोपली जड झाली की लोक खरेदी आवरती घेतात. तेव्हा त्याने टोपल्यांखाली चाके बसविली. आज आपल्या शहरांतील मोठमोठ्या दुकानांत आपण जी चाकांची गाडी ढकलतो, तिचा मूळपुरुष तो.

अशा दुकानात यादीची काय गरज, असे कोणी म्हणेल. वस्तू डोळ्यांपुढेच मांडलेल्या असतात. पाहिले की आठवते. हे खरे आहे, पण अर्धेच. आठवणे आणि ओळखणे ही दोन कामे भिन्न आहेत. परीक्षेत 'रिकाम्या जागा भरा' हा प्रश्न तुम्हांला जड वाटतो आणि 'योग्य पर्याय निवडा' हा हलका वाटतो; का बरे? पहिल्यात उत्तर मनाच्या तळातून वर काढावे लागते, दुसऱ्यात समोर आलेल्याला केवळ ओळख द्यावयाची असते. वाण्याच्या फळीपुढे उभे राहणे ही रिकामी जागा आहे. मोठ्या दुकानातील मांडणी हा पर्याय आहे. परंतु परीक्षेतील पर्यायांत आणि दुकानातील पर्यायांत एक मोठाच फरक आहे. पेपर काढणाऱ्याला तुम्ही योग्य तेच निवडावे असे वाटते. दुकानदाराला तुम्ही सगळेच निवडावे असे वाटते! पैसे देण्याच्या जागेजवळ, मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर, गोळ्या आणि चॉकलेटे उगाच ठेवलेली नसतात. त्यामुळे होते असे, की ज्या मांडणीपुढून आपण गेलो तिच्यावरील नको असलेलेही आठवते, आणि ज्या मांडणीकडे पाऊल वळले नाही तेथील हवे असलेलेही आठवत नाही. पिशव्या भरून घरी यावे आणि रात्री दिव्यात घालावयास तेल नाही असे कळावे, हा अनुभव अशा दुकानांनी पुष्कळांना दिला आहे.

तेव्हा यादी करावयाची ती दुकानात जाऊन नव्हे, घरातच. आणि घरातही बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून नव्हे. या संबंधात एका ग्रीक कवीची आख्यायिका सांगण्यासारखी आहे. सिमोनिडीस हे त्याचे नाव. इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकांत तो होऊन गेला. रोमन वक्ता सिसेरो याने ती कथा नोंदवून ठेवली आहे. एका श्रीमंताच्या घरी मेजवानी चालू असता सिमोनिडीसला कोणी बाहेर बोलाविले म्हणून तो उठून गेला, तोच भोजनगृहाचे छप्पर कोसळले आणि आतील सारे जण दगावले. प्रेते ओळखू येईनात. तेव्हा सिमोनिडीसने डोळे मिटून ती पंगत पुन्हा पाहिली. अमुक जागी अमुक बसला होता, त्याच्या शेजारी अमुक, असे त्याने क्रमाने सांगितले आणि नातेवाइकांना आपापली माणसे मिळाली. नावांना जागा दिली की ती हरवत नाहीत, हे त्या दिवशी त्याच्या ध्यानात आले. स्मरणविद्येचा हा आरंभ मानतात.

आपल्या घरातील गृहिणीने सिमोनिडीसचे नाव ऐकलेले नसते, पण ती नेमके हेच करीत असते. ती यादी सांगताना वस्तू आठवीत नाही. ती स्वयंपाकघरातून चालत असते. वरच्या फळीवर तांदूळ, गहू, ज्वारी. त्याखाली डाळी : तूर, हरभरा, मूग, मसूर, उडीद. मग कडधान्ये. मग चहा-साखरेची जोडी. मिसळणाचा डबा उघडला की त्यातल्या वाट्याच बोलू लागतात : मोहरी, जिरे, हळद, हिंग, तिखट, मेथ्या. खाली तेलाचा डबा, कोपऱ्यात गुळाची ढेप. तेथून ती देवघराशी येते : वाती, उदबत्ती, कापूर. तेथून मोरीत : अंगाचा साबण, कपड्यांचा साबण, दंतमंजन. एकही जागा वगळली नाही, तर एकही जिन्नस वगळला जात नाही. ज्या घरात डब्यांच्या जागा ठरलेल्या असतात, त्या घरची यादी पाच मिनिटांत होते. ज्या घरात डबा सापडेल तेथे ठेवतात, तेथे अर्धा तासही पुरत नाही.

इतके करूनही एक जिन्नस राहतो, आणि तो बहुधा मीठ असतो. याचा उलगडा करण्यासारखा आहे. साखर सरत आली की घरात बोलबाला होतो, कारण चहा दिवसातून दोनदा होतो आणि मुलेही डबा उघडीत असतात. मीठ मात्र बरणीत निमूटपणे पडून असते. ती बरणी चिनी मातीची असली तर आत किती उरले ते बाहेरून दिसत नाही. त्यातही एक किलो मीठ लहान कुटुंबास महिन्याहून अधिक पुरते. म्हणून ते दर महिन्याच्या यादीत येत नाही, आणि जे दर महिन्याला येत नाही ते ज्या महिन्यात यावयाचे त्याच महिन्यात चुकते. हिंग, खाण्याचा सोडा, काड्यापेटी यांचीही हीच गत. यावर उपाय सोपा आहे. वस्तू संपल्यावर लिहावयाची नाही. तिचे शेवटचे पाकीट फोडले, की त्याच क्षणी लिहावयाची. काही घरांत यासाठी स्वयंपाकघरातच खिळ्याला एक कागद आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल लटकावलेली असते. ज्याने पाकीट फोडले त्याने लिहावे असा नियम; मग तो घरातील आजोबा असो की सहावीतील मुलगी.

शहरातील माणसाला हा काटेकोरपणा अतिरेकी वाटेल. खाली उतरले की दुकान आहे, विसरले तर विसरले! परंतु ज्या खेड्याला अजून आठवड्याच्या बाजाराचाच आधार आहे, तेथे विसरणे इतके स्वस्त नसते. आठवड्यातून एक वार ठरलेला. त्या दिवशी आसपासच्या वाड्यावस्त्यांतील माणसे कोसभर, दोन कोस चालून येतात. आठवड्याची मजुरी हाती, डोक्यावर रिकामी पाटी. परत जाताना पाटी भरलेली. आणि घरी पोचल्यावर ध्यानात यावे की मीठ राहिले. पुढचा बाजार सात दिवसांनी. मग शेजारणीकडे वाटी घेऊन जावे, तर तिन्हीसांजा झालेल्या. आणि दिवेलागणीला मीठ उसने देऊ नये अशी समजूत पुष्कळ ठिकाणी अजून पाळतात.

सणाच्या यादीचे शास्त्र त्याहून निराळे. तेथे काय आणावयाचे एवढ्यावर भागत नाही, केव्हा आणावयाचे हेही पाहावे लागते. दिवाळीच्या अनारशांचेच घ्या. त्यांचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, रोज पाणी बदलावे लागते. मग ते निथळून, कुटून, गुळाबरोबर मळून ते पीठ काही दिवस मुरत ठेवावे लागते. म्हणजे ज्याने धनत्रयोदशीला तांदूळ-गूळ आणला, त्याच्या ताटात नरकचतुर्दशीला अनारसा येणे नाही. मग त्याने कितीही पैसे मोजलेले असोत. चकलीची भाजणी भाजून, दळून आणावी लागते, आणि गिरणीत त्या आठवड्यात रांग असते. खसखस मात्र तळणाच्या दिवशी आणली तरी चालते. आणि म्हणूनच ती विसरते. अशा वेळी जुन्या बायका यादी दोनदा करीत : एक दसऱ्यानंतर, दुसरी वसुबारसेच्या आदल्या दिवशी.

यादी करण्याच्या सवयीतून किती मोठे कार्य उभे राहू शकते, याचे एक उदाहरण मुंबईत आहे. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत या संस्थेची स्थापना झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन आपला संघ करावयाचा. प्रत्येक कुटुंबाने आपल्याला महिन्याला काय व किती लागेल त्याची मागणी आगाऊ नोंदवावयाची. सर्वांच्या मागण्यांची बेरीज करून संस्थेने माल घाऊक भावाने आणि पारखून खरेदी करावयाचा. आणि तो आला म्हणजे सभासदांनीच उतरवून, मोजून, आपापसांत वाटून घ्यावयाचा, अशी तिची पद्धत. यात दुकान नाही, फळी नाही, सजविलेली मांडणी नाही. आहे ती केवळ यादी. एका घरची यादी दुकानदारापुढे दुबळी असते. हजारो घरांच्या याद्यांची बेरीज झाली, की घाऊक व्यापाऱ्यालाही तिची दखल घ्यावी लागते. मात्र त्यासाठी प्रत्येक घराला आपली गरज आधी ठाऊक असावी लागते, आणि "ऐनवेळी पाहू" हा मंत्र सोडून द्यावा लागतो.

अलीकडे यादी कागदावरून मोबाईलवर गेली आहे. दुकानदाराला निरोप धाडला की सामान घरपोच येते. काही ठिकाणी तर मागच्या महिन्याची यादी यंत्रच पुढे करते आणि हेच पुन्हा पाठवू का, असे विचारते. सोय मोठी आहे. तिला नाके मुरडण्यात अर्थ नाही. यंत्राला मात्र आपण काय विकत घेतले होते तेवढे ठाऊक असते, घरात काय उरले आहे ते नव्हे. मावशी चार दिवस राहून गेली, की बाबांना वैद्यांनी साखर वर्ज्य केली, हे त्याला कोण सांगणार? डबा हलवून पाहण्याचे काम अजून माणसालाच करावे लागते.

आता यादीतील एका भागाविषयी सांगावयाचे राहिले. तो भाग म्हणजे खोडलेल्या ओळी. सगळे लिहून झाले, की गृहिणी मनाशी अंदाजे बेरीज करते आणि हाती असलेल्या रकमेशी ती ताडून पाहते. बेरीज बहुधा मोठी निघते. मग ती पेन्सिल मागून घेते आणि एकेक ओळ वाचू लागते. डाळ खोडता येत नाही. तेल पाच किलोचे चार किलो होते. काजूंवर काट बसते. लेकराच्या वाढदिवसासाठी लिहिलेला रवा आणि तूप तसेच राहते. आणि तिने स्वतःसाठी म्हणून काही लिहिले असेल, एखादी तेलाची बाटली किंवा आवडीच्या वाणाचा चहा, तर ती ओळ कोणाला न सांगता सर्वांच्या आधी खोडली जाते. यादी घेऊन दुकानात जाणाऱ्या मुलाने ती खोडलेली ओळही वाचावी. दुकानदार ती वाचीत नाही.

कागद असा वाचता येऊ लागला, की त्यातून घर दिसू लागते. एका यादीत डिंक, खारीक, सुके खोबरे, अळीव, बाळंतशेपा आणि वेखंड अशी नावे होती. त्या घरी नुकताच पाळणा हलला आहे हे सांगावयास ज्योतिषी नको. दुसरीत साबुदाणा, वरीचे तांदूळ, राजगिऱ्याचे पीठ, शिंगाड्याचे पीठ, सैंधव, शेंगदाणे दोन किलो आणि वातींची तीन पाकिटे. तिसरीत पांढरे तीळ एक किलो, चिक्कीचा गूळ, वेलदोडे, शेंगदाणे आणि हळदीकुंकवाच्या पुड्या दोन डझन. चौथीत केवळ पाच ओळी : चहा पन्नास ग्रॅम, साखर पाव किलो, तांदूळ एक किलो, मूगडाळ पाव किलो, काड्यापेटी एक, आणि अक्षर एखाद्या वृद्ध माणसाचे, थरथरते. या तीन घरांत कोण राहत असेल आणि तेथे काय चालले असेल, ते तुम्ही सांगा.

स्वाध्याय

१. पंधरा जिनसांची नावे एकाने एकदाच सावकाश वाचून दाखवावी. इतरांनी आठवतील तितकी लगेच लिहावी. कोणत्या जागेवरील नावे अधिक गळली, ते फळ्यावर मांडा.

२. 'आठवणे' आणि 'ओळखणे' यांतील भेद धड्यात न आलेले उदाहरण देऊन स्पष्ट करा.

३. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : खूणगाठ बांधणे, धोशा लावणे, दखल घेणे, नाके मुरडणे.

४. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून जुन्या वजनमापांची आणखी काही नावे मिळवा. त्यांपैकी कोणते शब्द आज बोलण्यात उरले आहेत?

५. आपल्या घरची पुढील महिन्याची यादी आधी एकट्याने करा. मग आईने किंवा घरातील सामान आणणाऱ्या व्यक्तीने केलेल्या यादीशी ती ताडून पाहा आणि राहिलेल्या जिनसा कोणत्या फळीवरच्या होत्या ते लिहा.